घोष, स्पर्धा आणि पालक

(मानोरा येथे पालकांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मानोऱ्यात वाद्याविषयी बोलायचे, तर पहिला नमस्कार नंगाऱ्याला करावा लागतो. याच तालुक्यातील पोहरादेवी हे समस्त बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. संत सेवालाल महाराजांच्या स्मृतीने पावन झालेल्या या भूमीत रामनवमीला दूरदूरच्या तांड्यांतून भाविक येतात. नंगाऱ्यावर काठी पडली की कोण कोणत्या राज्यातून आला, कोणाची परिस्थिती काय, हे विचारण्याचे कारण उरत नाही. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचे लोकार्पण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले, तेव्हा त्यांनी स्वतः नंगारा वाजविला. त्या वास्तूला लोकांनी दिलेले नावही ‘नंगारा भवन’ असेच आहे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरलेल्या समाजाची ओळख एका वाद्याच्या नावाने व्हावी, यातच त्या वाद्याचे सामर्थ्य आले. विखुरलेल्यांना एकत्र आणणे, हे त्याचे कार्य.

आजचा विषय त्या मानाने लहान वाटेल. शाळेचे घोषपथक स्पर्धेला उतरते, तेव्हा मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या आईवडिलांनी काय पाहावे, हा तो विषय. मुलांनी काय करावे, हे सांगायला शिक्षक आहेत. परीक्षकांनी काय तपासावे, याचे नियम आहेत. पालकांसाठी मात्र कोणताही नियम नाही. आणि त्या दिवसाचा कोणता ठसा मुलाच्या मनावर राहतो, हे पुष्कळदा परीक्षकांच्या गुणपत्रिकेवर ठरत नाही. घरी परतताना गाडीत जे बोलले जाते, त्यावर ठरते.

एक चित्र डोळ्यांसमोर आणू या. जिल्ह्याच्या ठिकाणी स्पर्धा आहे. मानोऱ्याहून पहाटेच गाडी निघाली आहे. दिवस सोयाबीनच्या सोंगणीचे. मजूर मिळत नाहीत, आभाळाचा भरवसा नाही. तरीही एका शेतकरी पित्याने एक दिवस काढला आहे. सोबत आई आहे, भाकरीचा डबा आहे. आठवीत शिकणाऱ्या त्यांच्या मुलाने तीन महिने घरातील ताट-वाटी, डबा, दार, जे हाताला येईल त्यावर ताल धरून घर डोक्यावर घेतलेले आहे. आज तो गणवेशात दिसणार, म्हणून पित्याने मोबाईल सज्ज ठेवला आहे.

‘दक्ष’ अशी आज्ञा होते आणि पथक मैदानावर येते. पिता मूल शोधू लागतो. सर्वांच्या डोक्यावर सारखी टोपी, अंगात सारखा गणवेश, पाऊल सारखे. पहिल्या ओळीत तो नाही. दुसऱ्या ओळीतही नाही. शेवटी मध्यभागी एका भल्या मोठ्या पणवाआड टोपीचे टोक दिसते. तोच आपला मुलगा. पुढे शंख वाजविणारा शेजाऱ्याचा मुलगा उन्हात झळकतो आहे आणि सगळ्यांचे मोबाईल त्याच्याकडे वळले आहेत. पित्याचा हात खाली येतो. तो आईकडे वळून हळूच म्हणतो, “तीन महिने खपला अन् शेवटी ढोल बडवायला मागं उभा केला!”

बंधूंनो, हे वाक्य आपल्यापैकी कित्येकांच्या मनात केव्हा ना केव्हा येऊन गेलेले असेल. त्यात मुलाविषयीची माया आहे, म्हणून त्याचा राग धरण्याचे कारण नाही. परंतु ते वाक्य चुकीचे आहे. आणि का चुकीचे आहे, हे समजून घेतले तर घोषपथक म्हणजे काय, तेही समजते.

आधी त्या पणवाचेच पाहू. संचलनाची नेहमीची गती मिनिटाला सुमारे १२० पावलांची धरली, तर एका पावलाला अर्धा सेकंद मिळतो. ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. आता पथकाच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीत ३४ मीटरांचे अंतर असेल, तर पुढचा ठोका मागच्याच्या कानापर्यंत पोहोचायला सेकंदाचा दहावा हिस्सा लागतो. म्हणजे पावलाचा पाचवा भाग. मागचा मुलगा केवळ कानावर विसंबून पाऊल टाकील, तर तो प्रामाणिकपणे चालूनही मागे पडेल आणि पाहणाऱ्याला ओळ लाटेसारखी हलताना दिसेल. यावर उपाय दोनच. एक, सर्वांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून घोषप्रमुखाच्या हातातील घोषदंडावर लक्ष ठेवणे. दुसरा, सर्वांत भारदस्त ठोका पथकाच्या मध्यभागी ठेवणे, म्हणजे तो पुढे आणि मागे सारख्याच वेळात पोहोचतो. पणव मध्यभागी असतो तो यासाठी. त्या पित्याला वाटले, मुलाला मागे टाकले. वस्तुतः पथकाच्या हृदयाच्या जागी त्याला उभे केले होते. आनकाची एखादी काठी चुकली तर शेजारचा आनक ती झाकून घेतो. पणवाचा ठोका चुकला तर साऱ्या पथकाचे पाऊल चुकते. म्हणून पणव कोणाला द्यायचा, याचा विचार जाणता शिक्षक सर्वांत शेवटी नव्हे, सर्वांत आधी करतो. आणि तो अशा मुलाला देतो, ज्याचे मन टाळ्यांनी हलत नाही.

पुढे झळकणाऱ्या शंखाचीही कथा ऐकण्यासारखी आहे. घोषात ज्याला शंख म्हणतात, त्या वाद्याला कळा नाहीत, बोटांनी झाकायची छिद्रे नाहीत. ओठांचा ताण आणि श्वासाचा जोर एवढ्यावरच स्वर बदलतो आणि वापरात येणारे स्वर साधारणतः पाचच. गायकाला सप्तक मोकळे असते, शंखवादकाला पाच स्वरांत सारे सांगावे लागते. एकट्या शंखाची रचना त्यामुळे लवकरच अपुरी वाटू लागते. वंशी तिला स्वरांची सलगता देते, आनक तिला गती देतो, झल्लरी आणि त्रिभुज तिला धार देतात, पणव तिला भूमी देतो. एकही वाद्य स्वयंपूर्ण नाही. स्वयंपूर्ण असते, तर पथकाची गरजच पडली नसती.

ही वाद्यांची नावे काहींना अनोळखी वाटली असतील. पण ती नव्याने घडविलेली नाहीत. पणव, आनक आणि गोमुख ही तिन्ही नावे भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायातील तेराव्या श्लोकात आहेत. कुरुक्षेत्रावर जी वाद्ये एकाच वेळी निनादली, त्यांत ती होती. संघाची स्थापना १९२५ च्या विजयादशमीला नागपुरात झाली आणि १९२७ मध्ये घोष सुरू झाला. त्या काळी संचलनाचे वाद्य म्हणजे इंग्रजी लष्कराचा बँड, हेच समीकरण होते. वाद्ये तीच, चाली त्याच, आज्ञाही इंग्रजी. स्वयंसेवकांनी ती विद्या शिकून घेतली, तिचा तिरस्कार केला नाही. पण तेथेच ते थांबलेही नाहीत. वाद्यांना आपली नावे दिली, आज्ञा संस्कृतात आणल्या आणि हळूहळू भारतीय रागांवर आधारलेल्या रचना सिद्ध केल्या. भूप, केदार अशा रागनामांनी ओळखल्या जाणाऱ्या रचनांवर पावले पडू लागली. राग बैठकीत ऐकायचा, संचलनात नाही, ही समजूत त्यांनी मोडून काढली. परकी वस्तू घेऊन तिला आपल्या मातीत रुजविण्याचे हे एक उदाहरण आहे, आणि ते कोणत्याही घोषणेवाचून घडले.

देशाच्या सैन्यानेही हाच प्रवास केला. आझाद हिंद सेनेच्या ‘कदम कदम बढ़ाये जा’ या संचलनगीताला कॅप्टन रामसिंह ठाकुरी यांनी चाल दिली आणि ती आज भारतीय सैन्याच्या बँडवर वाजते. २०१९ च्या प्रजासत्ताकदिनी तर राजपथावर ‘शंखनाद’ ही भारतीय रणधून वाजली. तोवर अशा प्रसंगी ब्रिटिश काळातील धून वाजत असे. महार रेजिमेंटच्या गौरवपर काव्यावर आधारलेल्या या धुनेची रचना केली आहे नागपूरच्या डॉ. तनुजा नाफडे यांनी. बिलासखानी तोडी, भैरवी आणि कीरवाणी या रागांच्या आधाराने. राजपथावर देशाच्या सैन्याने ज्या स्वरांवर पाऊल टाकले, ते स्वर विदर्भातील एका संगीत शिकविणाऱ्या भगिनीने दिले, ही गोष्ट मानोऱ्यातील प्रत्येक मुलीपर्यंत पोहोचली पाहिजे.

मुलींचा उल्लेख निघाला, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. घोष हे मुलग्यांचे काम, असे अजूनही कित्येक घरांत मानले जाते. सराव संपायला संध्याकाळ होते, स्पर्धेसाठी परगावी जावे लागते, ही चिंता खरी आहे. तिला हसून उडवून लावू नये. परंतु विदर्भाला तरी ही गोष्ट नवी नाही. १९३६ मध्ये वर्ध्याला वंदनीय लक्ष्मीबाई केळकर यांनी राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली आणि समितीच्या पथसंचलनात आज सेविकांचा स्वतःचा घोष असतो. प्रजासत्ताकदिनाच्या निमित्ताने शिक्षण मंत्रालय आणि संरक्षण मंत्रालय मिळून शालेय बँडची राष्ट्रीय स्पर्धा घेतात, तीत ब्रास बँड आणि पाइप बँड या दोन्ही प्रकारांत मुलींसाठी स्वतंत्र गट आहे. राज्य, विभाग आणि राष्ट्र अशा पायऱ्या चढत शेवटी सोळा पथके दिल्लीत पोहोचतात. देशाच्या चार विभागांतून प्रत्येकी चार. त्यांत आपल्या तालुक्यातील मुली का असू नयेत? चिंतेवरचा उपाय मुलीला घरी बसविणे हा नाही. दोन माता पाळीपाळीने सरावाच्या मैदानावर येऊन बसल्या, की ती चिंता निम्मी होते.

आता जरा कठीण भागाकडे वळू. वाशीम हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला जिल्हा. मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी घोषपथक उभे करणे ही साधी गोष्ट नाही. वाद्ये महाग, शिकविणारा परगावचा, सरावाचे मैदान पावसाळ्यात चिखलाचे. राष्ट्रीय स्पर्धेत पहिले आलेल्या पथकासाठी २०२५ मध्ये पारितोषिक होते २१ हजार रुपयांचे. म्हणजे पैशाचा हिशेब मांडला तर हा व्यवहार तोट्याचाच आहे. त्यातच नववी सुरू झाली, की घरोघरी एकच विचार सुरू होतो. शिकवणीची वेळ आणि सरावाची वेळ एकच. मग सराव सोडून द्यावा. गुणपत्रिकेत घोषाचा रकाना नाही, मग त्याचा उपयोग काय?

या प्रश्नाचे उत्तर भावनेने देऊन चालणार नाही. मुलाने शिकले पाहिजे, चांगले गुण मिळविले पाहिजेत, यात दुमत नाही. आपल्या भागातील शेतकऱ्याच्या घरात शिक्षण ही चैन नाही, तोच बाहेर पडण्याचा मार्ग आहे. परंतु शिकवणीच्या वर्गात प्रत्येक मूल दुसऱ्याच्या पुढे जाण्यासाठी बसलेले असते. शेजाऱ्याला समजले नाही तर याचे काही बिघडत नाही. उलट, झाला तर लाभच होतो. घोषपथकात याच्या नेमके उलटे आहे. शेजाऱ्याचे पाऊल चुकले, तर माझी ओळ मोडते, हे तेथे मुलाला शिकवावे लागत नाही. ते त्याला मैदानावर दिसते. म्हणून जो लवकर शिकला, तो मागे राहिलेल्याला मधल्या सुटीत शिकवू लागतो. तांड्यावरून येणारा, गावातून येणारा, नोकरदाराचा आणि शेतमजुराचा, असे चौघे एका ओळीत उभे राहिले, की त्यांच्यात कोण कोणाचा, हा प्रश्न ताल सुरू होताच संपतो. समरसतेवर दहा व्याख्याने ऐकून जे साधत नाही, ते एका ओळीत तीन महिने पाऊल मिळविल्याने साधते. मुलाच्या उभ्या आयुष्यात हे शिक्षण देणारी जागा फार थोडी असते. ती शिकवणीच्या एका तासासाठी गमवायची का, हे प्रत्येक घराने शांतपणे ठरवावे.

काही विचारवंत एक आक्षेप घेतात. सर्वांना एकाच वेषात, एकाच पावलात उभे केले, तर मुलाचे व्यक्तिमत्त्व दडपले जात नाही का? आक्षेप प्रामाणिक असेल तर त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. दडपणूक होऊ शकते. शिक्षक केवळ ओरडणारा असेल, चुकलेल्या मुलाला सर्वांसमोर अपमानित करणारा असेल, तर तेथे अनुशासन नाही, धाक आहे. आणि धाकाने वाजविलेला ठोका ऐकणाऱ्याच्या कानाला लगेच कळतो. परंतु खऱ्या पथकात व्यक्ती पुसली जात नाही. शंभरांच्या सभेत एक जण बोलला नाही तर कोणाला समजत नाही, पण पथकात एक वंशी थांबली तर घोषप्रमुखाची मान त्या दिशेला वळते. जेथे एकाची उणीव तत्काळ जाणवते, तेथे त्या एकाचे महत्त्व नाही, असे कसे म्हणावे?

आणि दोष केवळ बाहेरच्यांचे सांगून चालणार नाही. कार्यकर्त्यांच्या घरांतही एक दोष शिरतो. आपला मुलगा घोषदंड घेऊन पुढे असावा, म्हणून शिक्षकाला शब्द टाकला जातो. वर्गणी अधिक दिली, म्हणून अधिकार सांगितला जातो. मुलाला हे सर्व कळते. ज्या दिवशी त्याला कळते की ओळीतील जागा तालावर नव्हे, वडिलांच्या ओळखीवर मिळते, त्या दिवशी घोषाने दिलेला सारा संस्कार वाया जातो. वर्षानुवर्षे अल्प मानधनावर शिकविणाऱ्या शिक्षकाची अडचण त्याहून वाईट होते. त्याला पथक सांभाळायचे, की पालक सांभाळायचे?

आता पुन्हा त्या मैदानावर जाऊ. पथकाचे सादरीकरण शेवटच्या वळणावर आले आहे. वळताना त्या मुलाच्या पणवाचा पट्टा सरकतो, एक ठोका उशिरा पडतो आणि दोन ओळींची पावले अडखळतात. चार पावलांत तो सावरतो, पथकही सावरते. परीक्षकांच्या लेखणीने मात्र ती चूक टिपलेली असते. निकाल लागतो. मानोऱ्याचे पथक पहिल्या तिघांत नसते.

परतीच्या गाडीत मुलगा खिडकीशी बसला आहे. तो बोलत नाही. त्याला ठाऊक आहे की ठोका त्याचा चुकला. गाडीतील प्रत्येकाला ते ठाऊक आहे. आता पित्यापुढे तीन वाटा आहेत. एक, “तुला आधीच म्हटलं होतं, अभ्यास कर” असे म्हणण्याची. दुसरी, “तुझा काय दोष, पट्टाच जुना होता, सरांनी बघायला पाहिजे होतं” असे म्हणून दोष दुसऱ्यावर ढकलण्याची. ही दुसरी वाट प्रेमाची वाटते, पण ती अधिक घातक आहे. कारण ती मुलाला शिकविते की यश आले तर माझे आणि अपयश आले तर पथकाचे.

तिसरी वाट साधी आहे. “ठोका चुकला, हे खरं. पण चार पावलांत सावरलास, म्हणून ओळ मोडली नाही. उद्या सरावाला कधी जायचं?” एवढेच म्हणण्याची.

ही तीन वाक्ये म्हणता यावीत, यासाठी पित्याने आधी मैदानावर काहीतरी वेगळे पाहिलेले असावे लागते. त्याने केवळ आपला मुलगा पाहिला असेल, तर त्याला केवळ चूक दिसेल. त्याने ओळ पाहिली असेल, तर शेजारच्या आनकवाल्याने आवाज वाढवून ठोका कसा उचलून धरला, पुढच्यांनी मान न वळवता पाऊल कसे आखडले आणि चार पावलांत तीस मुले पुन्हा एक कशी झाली, हेही दिसेल. स्पर्धेतील सर्वांत मोलाचा क्षण तोच होता. गुणपत्रिकेत त्याची नोंद उणे चिन्हाने झाली, ही गोष्ट वेगळी.

म्हणून उपस्थित पालकांना तीनच गोष्टींची विनंती आहे. पहिली, पथक मैदानावर आले की पहिली काही मिनिटे मोबाईल खिशात ठेवून पूर्ण ओळ पाहावी. दुसरी, सादरीकरण संपल्यावर आपल्या मुलाआधी त्याच्या शेजारच्या मुलाच्या पाठीवर हात ठेवावा. ज्याचे आईवडील रोजी बुडवून येऊ शकले नाहीत, असे एखादे मूल त्या ओळीत असतेच. तिसरी, शिक्षकाला निकालाविषयी नव्हे, पुढच्या सरावाविषयी विचारावे, आणि शक्य असेल त्याने वाद्याच्या दुरुस्तीचा, पट्ट्याचा, कातड्याचा भार न सांगता उचलावा.

पोहरादेवीच्या नंगाऱ्यापाशी उभा असलेला भाविक आपल्या घरचा माणूस कोठे वाजवीत आहे, हे शोधीत नाही. तो नाद ऐकतो आणि त्यात मिसळून जातो. शाळेच्या मैदानाच्या कडेला उभ्या राहिलेल्या आईवडिलांना तेवढे साधले, तर पुढच्या वर्षी पणवाआड लपलेली ती टोपी शोधावी लागणार नाही. पावले एकदम पडू लागली, की आपला मुलगा कोठे आहे, हे त्या ठोक्यावरूनच समजेल.